खारीचं पिल्लू सापडलंय? दुधाचं नंतर बघू, आधी ऊब द्या

मे संपत आला की आमच्या ठाण्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, झाडांच्या फांद्या छाटणं आणि एसी सर्व्हिसिंग, आणि त्या दोन्हींच्या मागोमाग खारीची पिल्लं. ह्या वेळच्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त त्यांचेच आहेत, त्यामुळे कासववाले आणि पोपटवाले पुढच्या अंकात, रागावू नका. आणि एक, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक खारीला शेकरू म्हणायची टूम निघालीये ती जरा थांबवा. शेकरू म्हणजे भीमाशंकरला दिसते ती मांजराएवढी मोठी, आपला राज्यप्राणी. तुमच्या ग्रिलवरून तुरुतुरु पळते ती साधी पट्टेवाली खार, पूर्ण वाढली तरी वजन जेमतेम शंभर ग्रॅम.

प्रश्न : सोसायटीतल्या गुलमोहराच्या फांद्या काल छाटल्या, त्यातून घरटं खाली पडलं. दोन पिल्लं आहेत, डोळे बंद, अंगावर नुसती लव. वॉचमनने आणून दिली. बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलीत आणि गाईचं दूध पाणी घालून वातीने पाजतोय. रात्रीपासून एकाला पातळ होतंय. शेजारच्या काकू म्हणतात माणसाचा हात लागला आता आई घेणार नाही. काय करू ताई? (पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : दूध आत्ताच्या आत्ता बंद. तुम्ही प्रेमानेच दिलंय, सगळे तेच करतात, पण गाईचं दूध ह्यांना पचत नाही. त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पोटात आंबते आणि पातळ व्हायला लागतं, आणि एवढ्याशा जिवाला दोन-तीनदा पातळ झालं की अंगातलं पाणीच संपतं. वर त्यात पाणी घातलं की उरलेली ताकदही गेली. गाईच्या दुधात फॅट साडेतीन-चार टक्के, खारीचं दूध त्यापेक्षा कितीतरी दाट असतं, म्हणून पिल्लू दिवसभर पीत राहतं आणि तरी वाळत जातं.

आता खोक्यातला कापूस काढा, त्याचे धागे नखांत आणि पायांत गुंडाळले जातात. टर्किशचा टॉवेलही नको, त्याच्या लूपमध्ये नखं अडकतात. जुना मऊ टी-शर्ट फाडून घाला. गरम पाण्याची पिशवी नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती कपड्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लू स्वतः सरकतं. पाणी गार झालं की बदलत राहायचं, हे विसरायचं नाही, कारण गार झालेली बाटली उलट त्यांच्याच अंगातली ऊब ओढून घेते. आपल्याला इथे घामाच्या धारा लागलेल्या असतात म्हणून वाटतं की ह्यांना कसली थंडी, पण बिनकेसाच्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आई अंगाखाली घेते म्हणून ते जगतं. हाताला गार लागणाऱ्या पिल्लाच्या तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, थंड पोटात काही पचत नाही.

अंग कोमट झालं की ओआरएस. मेडिकलमधलं पावडरचं पाकीट, वर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं, कोमट करून. फळांच्या चवीचं गोड तयार पेय मिळतं ते नव्हे. दोन-तीन वेळा थेंब थेंब हेच द्या. ज्याचं पोट बिघडलंय त्याला आजच प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि फोन करून आधी विचारून घ्या की खार बघता का, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत.

आता काकूंचं. हाताचा वास लागला की आई टाकते हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय आणि ते खरं नाही. खारीची आई जिद्दी असते. पिल्लाला पोटाशी तोंडात धरते, ते तिच्या मानेभोवती मफलरसारखं गुंडाळलं जातं आणि ती तशीच सरळ झाड चढते, बघत राहावं असं दृश्य असतं. तिने बहुतेक वेळा दुसरं घरटं आधीच कुठेतरी बांधून ठेवलेलं असतं. म्हणून तुमचं जे धडधाकट पिल्लू आहे ते उद्या उजाडताच पोट गरम असताना छोट्या टोपलीत घालून त्याच गुलमोहराच्या उरलेल्या फांदीला, नाहीतर शेजारच्या झाडाला, डोक्याच्या वर बांधा. खाली उबदार बाटली, वर ऊन-पावसाला आडोसा, आणि टोपली बांधलेल्या दोरीला व्हॅसलिन फासा म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. लाल मुंग्या तासाभरात पिल्लू संपवतात, मी पाहिलंय, सांगत नाही. मग लांब जाऊन उभे राहा. झाडाखाली दहा जण मोबाईल वर करून थांबले तर कुठली आई येईल? चार-पाच तास वाट बघा, मधेमधे पिल्लू गरम आहे ना ते बघून या. अंधार पडायच्या आत मात्र आत आणायचं कारण खार दिवसाचा प्राणी, रात्री ती फिरकत नाही पण बोका फिरकतो.

आई नाहीच आली तर वनखात्याच्या 1926 ह्या टोल फ्री नंबरवर कळवा, ते तुम्हाला जवळच्या वन्यजीव बचाववाल्यांशी जोडून देतात. पिल्लं त्यांच्याकडे जाईपर्यंत एक-दोन दिवस तुम्हालाच पाजायला लागलं तर असं करा. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते ती दूध पावडर आणायची, पेट शॉपमध्ये पपी मिल्क रिप्लेसर म्हणून मागा. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा पहिल्या दोन-तीन वेळा पातळ, मग हळूहळू नेहमीएवढं दाट. मेडिकलमधून 1 मिलीची सिरिंज आणायची, ट्युबरक्युलिनची म्हणून मागितली की देतात, सुई काढून टाकायची. किती पाजायचं ह्याचा सोपा हिशेब म्हणजे एका वेळेला वजनाच्या 5 टक्के, पिल्लू 20 ग्रॅमचं असेल तर 1 मिली, बस, ते कितीही हातपाय मारून मागत असलं तरी. वजन किचनच्या काट्यावर करा, अंदाजाने नको. डोळे उघडेपर्यंत दर दोन-तीन तासांनी, रात्री निदान एकदा तरी उठून.

आणि धरायचं कसं, इथेच सगळे चुकतात. बाळासारखं उताणं नाही!! पोट तुमच्या तळहाताला, डोकं वर, जवळजवळ उभं. सिरिंजच्या टोकाला एकच थेंब आणायचा आणि तो ओठाला लावायचा. पहिल्यांदा ते तोंड फिरवतं, मग जीभ बाहेर येते, तिसऱ्या-चौथ्या थेंबाला दोन्ही पंजांनी सिरिंज अशी घट्ट धरतं की सोडवावी लागते. त्याच्या वेगाने दाबायचं, आपल्या नाही. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा.

2006 साली माझं पहिलं पिल्लू मी असंच घालवलं. ड्रॉपर होता, ऑफिसला उशीर होत होता, मी जरा जोरात दाबलं आणि नाकावर दुधाचा छोटासा फुगा आला. मी पुसला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी कानाशी धरलं तर श्वासाबरोबर बारीक कटकट आवाज येत होता, दूध फुप्फुसात गेलेलं, संध्याकाळी गेलं ते. म्हणून वात नको, ड्रॉपर नको, बाटलीचं निपल नको. आणि मुख्य म्हणजे घाईत असाल तर पाजूच नका, दहा मिनिटं उशिरा पाजलेलं चालतं.

आणखी एक, हे तर कोणीच विचारत नाही. डोळे बंद असलेल्या पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. प्रत्येक पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलकेच, अगदी पावडर लावल्यासारखा फिरवायचा. पिवळसर थेंब येतात. हे केलं नाही तर पोट फुगतं आणि बाकी सगळं बरोबर करूनही पिल्लू जातं.

छाटणीचं म्हणाल तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला हा विषय घ्याच. झाड छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण करवत लावायच्या आधी कोणी वर घरटी बघत नाही. आमच्याकडे ज्या माणसाला काम दिलं होतं त्याला मी बोट करून घरटं दाखवलं तर म्हणाला मॅडम तो कचरा आहे. लांबून खरंच कचराच दिसतो, गवत, काथ्या, चिंध्या, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार.

प्रश्न : एसीच्या आउटडोअर युनिटमागे खारीने घरटं केलंय, आमच्या मॉपचे दोरे चोरून! आत पिल्लं चीं चीं करतात. सर्व्हिसिंगवाला उद्या येणारे, घरटं काढून गॅलरीत कुंडीमागे ठेवलं तर चालेल का? (ऐरोली)

उत्तर : सर्व्हिसिंगवाल्याला पुढची तारीख द्या. तुमच्या पिल्लांना आई आहे, घर आहे, दूध आहे, तुम्ही फक्त काही करू नका. त्यांचं दूध सुटायला साधारण दहा आठवडे लागतात आणि ती बाहेर ये-जा करायला त्याच्या आधीच लागतात. हे जमण्यासारखं नसेल हे मला कळतं, नवी मुंबईतली जूनची दमट रात्र आणि एसी नाही म्हणजे घरात भांडणंच. तर एसी चालवायचा असेल तर आधी टॉर्चने बघा घरटं नक्की कुठे आहे. मागे भिंतीच्या आणि युनिटच्या फटीत असेल तर बऱ्याचदा काही होत नाही, खारी त्या घरघरीला सरावतात. पंख्याच्या जाळीच्या आत असेल तर मात्र स्विच लावू नका. हलवायलाच लागलं तर सकाळी, घरटं अख्खं उचलून, जुन्या जागेपासून हातभर अंतरावर, तिला येता-जाता दिसेल असं. कुंडीमागे जमिनीवर नको, तिथे कावळा आणि मांजर दोघांची सोय होते. पिल्लं मोठी होऊन गेली की मग मागे जाळी मारून घ्या. मॉप नवीन आणा, तो काही परत मिळत नाही.

प्रश्न : आमच्या मांजरीने खारीचं पिल्लू तोंडात धरून आणलं, मी लगेच सोडवलं. कुठेही रक्त नाही, छान पळतंय. बागेत सोडू ना? (नेरूळ)

उत्तर : नका सोडू, आजच डॉक्टरकडे. मांजरीचे दात सुईसारखे असतात, भोक केसांखाली दिसतही नाही, पण तिच्या लाळेतले जंतू आत गेले की दोन-तीन दिवसांत पिल्लू सेप्टिक होऊन जातं. अँटिबायोटिक लागतंच, आणि तुमच्याकडचं उरलेलं सिरप मनाने देऊ नका, डोस ग्रॅमवर ठरतो. पोहोचेपर्यंत अंधाऱ्या खोक्यात, ऊब देऊन, खाऊपिऊ न घालता. मांजरीला ओरडू नका, तिने तिचं काम केलं.

प्रश्न : ताई मी टीवायला आहे. मला महिन्याभरापूर्वी खारीचं पिल्लू मिळालं, तेव्हा डोळे उघडलेले होते. ती बिस्किट, ब्रेड, शेंगदाणे आणि काजू खाते, दूध पित नाही. चार दिवसांपासून मागचे पाय ओढत चालते, उडी मारत नाही. पडलीबिडली नाहीये. काल माझ्या बोटाला चावली पण, मम्मी म्हणते रेबीजचं इंजेक्शन घे. (कळवा)

उत्तर : आधी बोटाचं. साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटं धू आणि डॉक्टरला दाखव. खार, उंदीर अशा लहान प्राण्यांमध्ये रेबीज फारच क्वचित सापडतो, पण इंजेक्शन घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि मम्मीही नाही. धनुर्वाताचं राहिलं असेल तर तेही विचार.

आता तिचं. न पडता पाय ओढतेय आणि खाणं हे असं, म्हणजे बहुतेक कॅल्शियम संपलंय. शेंगदाण्यात, काजूत, बिस्किटात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, त्यात तू तिला घरात ठेवलीस म्हणजे ऊनही नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं आणि हाडं अशी होतात की साध्या उडीने मोडतात. हे वेळेत धरलं तर सुधारतं, म्हणून हे वाचलंस की डॉक्टरकडे जा, एक्सरे काढतील, कॅल्शियम किती आणि कसं द्यायचं ते सांगतील. तोवर तिला उंच पिंजऱ्यात ठेवू नको, पसरट खोक्यात ठेव, चढायला काही नको.

बिस्किट-ब्रेड आजपासून बंद, काजू बंद. त्या वयाच्या पिल्लाला अजून पपी मिल्क लागतं, सिरिंजने घेत नसेल तर बाटलीच्या झाकणात ठेवून बघ, चाटतात. बाकी भिजवलेले मूग, मक्याचं कोवळं कणीस, काकडी, पेरू, सफरचंदाची फोड बिया काढून, शेवग्याचा कोवळा पाला. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पोपटाच्या पिंजऱ्याला अडकवतात तो पांढरा तुकडा, तो कुरतडायला ठेव, दातही झिजतात आणि कॅल्शियमही मिळतं. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, काचेतून नाही, उघड्या खिडकीत जाळीमागे, आणि सावलीत सरकायला जागा ठेवून. बाहेर ह्या खारी काय खातात ते बघ कधी, फेब्रुवारीत सावर फुलली की फुलात डोकं खुपसून मध पितात, कोवळे कोंब खातात, किडेही खातात. काजू कोण देतं त्यांना झाडावर?

तू वाईट काही केलं नाहीस, पण महिनाभर एकटीने सांभाळत बसलीस तेवढं चुकलं. कोणाला तरी विचारायचं गं.

प्रश्न : मी निवृत्त माणूस. मार्चमध्ये पावलाएवढ्या कपड्यात गुंडाळून आणलेलं पिल्लू आता तीन महिन्यांचं झालंय, चिंगी नाव ठेवलंय. शर्टाच्या खिशात झोपते. मुलगा म्हणतो बेकायदेशीर आहे, येऊरला सोडून येऊ. मला धीर होत नाही. जगेल का ती? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : काका, मुलाचं अर्धं बरोबर आहे. खार हा वन्य प्राणी, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे तिला ससा पाळतो तसं घरात ठेवता येत नाही. पण येऊरला अजिबात नको. तिथे जंगल आहे म्हणून आपल्याला बरं वाटतं, तिच्यासाठी ते म्हणजे कोपरीच्या माणसाला रात्री बारा वाजता अनोळखी गावात उतरवून गाडी निघून जाण्यासारखं. घरटं नाही, खाणं कुठे ते माहीत नाही, आधीच राहणाऱ्या खारी हाकलून लावतात, वर शिक्रा, म्हणजे शिकारी पक्षी.

आधी 1926 वर कळवा आणि त्यांनी जोडून दिलेल्या माणसांना चिंगी दाखवा, दात, वजन, शेपटी बघून तेच सांगतील तयार आहे का. साधारण दहा-बारा आठवड्यांनंतर, स्वतः दाणा फोडून खात असेल आणि अनोळखी माणसाला बघून लपत असेल तर सोडता येते. तुमची खिशात झोपते म्हणजे दुसरी अट बाकी आहे, आणि ती तुम्हालाच पुरी करायचीये, अवघड आहे पण करायचीये. हातावर घेणं कमी करा. खाणं हातातून नको, फांदीच्या बेचक्यात ठेवा. खिशाऐवजी लाकडी खोकं द्या, सव्वा-दीड इंचाचं भोक, आत काथ्या आणि तुमचाच जुना शर्ट. मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात हे खोकं बांधून तो पिंजरा दोन-तीन आठवडे गॅलरीत, जिथून झाड आणि बाकीच्या खारी दिसतात ऐकू येतात. घार किंवा मांजर दिसलं की बाहेरच्या खारी चिर्र चिर्र ओरडतात, चिंगी ते ऐकून गप्प बसायला लागली की समजा शिकतेय.

मग सलग दोन-तीन कोरडे दिवस बघून, धो धो पावसात नको, सकाळी लवकर पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायचं. हाकलायचं नाही. पहिल्या दिवशी कदाचित ती दारात येऊन बसेल आणि परत आत जाईल. संध्याकाळी बहुतेक वेळा खोक्यात झोपायला येतात, मग एखाद दिवस येत नाहीत, तेव्हा तुम्हाला झोप लागणार नाही, मला तर कधीच लागली नाही. खाणं ठेवत राहा, हळूहळू कमी करा. जगेल का, ह्याची गॅरंटी मी देत नाही, बाहेर बोके आहेत, कावळे आहेत, रस्ता आहे. पण खिशात राहिली तर ती कधी दुसऱ्या खारीला भेटणारच नाही, तेही बघा.

खोकं मात्र ती गेली म्हणून लगेच काढू नका. माझ्या खिडकीतलं एक मी आळसाने तसंच ठेवलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात बघते तर एक अनोळखी खार तोंडात काथ्याचा भलामोठा गोळा घेऊन त्यात शिरायचा प्रयत्न करत होती, गोळा भोकात जाईना, ती काही सोडेना, आणि दाराबाहेरचं आमचं पायपुसणं एका कोपऱ्यातून अर्धं उसवलेलं.